किंमत भागिले वापर

कपड्यांवरचा खर्च हा हौसेचा नाही, भागाकाराचा विषय आहे, असं मी ऐकेल त्याला सांगत आले आहे. किंमत भागिले वापर. माझा राखाडी स्वेटर आता दर वापराला बारा येनवर आलाय, म्हणजे त्याच्या खिशातल्या खोकल्याच्या गोळीपेक्षा स्वस्त. फुकुइतल्या एका रंगाई कारखान्यात मी कापड घासून, धुऊन, उन्हात ठेवून त्याचा रंग किती टिकतो ते मोजते. त्यामुळे कुठला कपडा कधी दगा देणार हे मला बरंच आधी कळतं. माणसांबद्दल तसं काही कळत नाही, पण अंदाजपत्रकात माणसांचा रकाना नसतो.

यंदाच्या अंदाजपत्रकाचा मला फार अभिमान होता, तो एका काळ्या पोशाखामुळे. दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'शुभ आणि अशुभ, दोन्ही प्रसंगी चालेल'. अंत्यविधीला गळ्यात मोती, मंगल कार्याला खांद्यावर गुलाबी कापडी फूल. दोन रकाने, एक पोशाख. इतकी सोपी युक्ती बाकीच्यांना कशी सुचत नाही, याचं मला दोन दिवस आश्चर्य वाटत होतं.

फेब्रुवारीत एका सहकाऱ्याचे आजोबा गेले आणि पोशाखाचा पहिला वापर झाला. निघताना सगळ्यांना देतात तशी शुद्धीच्या मिठाची पुडी मलाही मिळाली. घराच्या दारात अंगावर शिंपडायची ती. सोडियम क्लोराइड कोरड्या कापडावर काय करणार, असा विचार करून मी ती खिशात टाकली. पोशाख लाँड्रीत द्यायला हवा होता. पण धुलाईचा खर्च किमतीत मिळवला की भागाकार बिघडतो, म्हणून मी तो बाल्कनीत वाऱ्यावर टांगला.

मार्चमध्ये ताईचा फोन आला. ताई म्हणजे मिचिरु, माझी मोठी बहीण. तिचं तोमोनारिशी लग्न ठरत होतं आणि दोन्ही घरांनी कानाझावात एकत्र जेवायचं होतं. आई नसल्यामुळे आमच्या बाजूने बाबा आणि मीच.

"कोतोए, नीट ऐक. त्याच्या साकिए आजी अजून हो म्हणालेल्या नाहीत. आणि त्या घरात त्यांचाच शब्द चालतो. या जेवणावर आहे सगळं. 'तुटलं' म्हणायचं नाही, 'संपलं' म्हणायचं नाही, 'पुन्हा' म्हणायचं नाही. 'वारंवार' तर अजिबात नाही."

"पुन्हा का नाही?"

"लग्न पुन्हा करायला लागू नये म्हणून! आणि घालणार काय आहेस?"

"काळा."

"तो अंत्यविधीचा?"

"फूल लावलं की तो मंगल होतो."

"तू ना, घरात एकटीच राहा," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे तिला पटलं, असं मी धरून चालले.

जेवणाच्या खोलीत आम्ही तातामीच्या चटयांवर, बुटक्या टेबलाभोवती गुडघे मोडून बसलो. मधोमध मंगल जेवणातला अख्खा मासा, त्याची शेपटी शुभ म्हणून वर वळवलेली. साकिए आजी माझ्या अगदी समोर. फिकट जांभळा किमोनो, पाठ ताठ.

"तुम्ही रंगांचं काम करता म्हणे?" त्यांनी विचारलं.

आता मी चमकणार होते. तेवढ्यात बाहीवर सोया सॉस सांडला. मी रुमाल काढायला खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर पुडीही आली. ती थेट माशाच्या डोक्याशी पडली, अक्षरं वर करून.

ती पुडी ओळखत नाही असं त्या खोलीत कोणी नव्हतं.

"अरे वा, मीठ!" बाबा म्हणाले. "माशाला लागेलच थोडं."

"खाण्यासाठी नाही, असं लिहिलंय त्यावर," तोमोनारि हळूच म्हणाला.

"कोणाचं?" आजींनी विचारलं.

"सहकाऱ्याच्या आजोबांचं. म्हणजे, मीठ माझंच आहे."

"आणि कपडे हेच होते?"

"हो. पण तेव्हा फूल नव्हतं."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण आजी थांबून माझ्याकडे पाहत होत्या, आणि थांबून पाहणारा माणूस दिसला की मला वाटतं त्याला समजावून सांगायला हवं आहे. मी भागाकार सांगितला. "एकदाच घातला तर फार महाग पडतो हो. पण अशी कार्यं पुन्हा पुन्हा होत राहिली, वारंवार, तर–"

ताईने डोळे मिटून घेतले.

"किती वारंवार?" आजी म्हणाल्या.

"सात-आठ वेळा झालं की परवडतं."

"माझ्या नातवाची सात-आठ लग्नं?"

"नाही नाही! त्यात अंत्यविधीही धरलेत."

बाबांनी चहाचा कप उगाचच उचलला, तो रिकामा होता.

"माझा धरलायस?" 'तुम्ही'वरून त्या 'तू'वर आल्या होत्या.

मी खरंच आठवून पाहिलं. "नाही," मी म्हणाले. "आपली ओळख आजच झालीय."

आजी उठल्या. "बाहेर चल."

मी मागोमाग गेले. ताईचं लग्न मी एका पुडीत मोडलं होतं, आणि ती पुडी आजींच्या हातात होती. व्हरांड्याच्या कडेला त्यांनी मला उभं केलं, पुडी फाडली आणि मीठ माझ्या छातीवर, पाठीवर, पायांवर फेकलं. चांगलं जोरात. फेकता फेकता त्यांचे खांदे हलू लागले. रागाने हलतात असं मला वाटलं. मग त्यांना हसू आवरेना आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

"ओळख आजच झालीय म्हणे! नातसून तरी शहाणी आहे ना?"

"ताई? हो. ती माझ्यासारखी अजिबात नाही."

"मग ठीक आहे."

आत येऊन त्या सर्वांना म्हणाल्या, "माझी हरकत नाही. एकच अट. ही मुलगी लग्नाला नवा पोशाख घेईल. रंगीत. आणि तो एकदाच घालेल."

"एकदाच? म्हणजे भागिले–"

टेबलाखालून ताईची नखं माझ्या मांडीत रुतली.

"छान दिसेल," मी म्हणाले.

पोशाख जर्दाळू रंगाचा आहे. अट मी पाळली आहे. त्याची किंमत भागिले एक म्हणजे त्याची किंमतच. इतका वाईट आकडा माझ्या अंदाजपत्रकात आजवर आलेला नाही. ताईने लग्नाचा फोटो पाठवलाय आणि तो मी बऱ्याचदा पाहते. फोटो पाहणं वापरात धरावं का, हा प्रश्न मी अजून खुला ठेवला आहे.