झातरची जुडी

"जगातल्या सर्वांत चिमुकल्या फुलपाखरांतलं एक अल्लानं सिनाईच्या याच डोंगरावर, आम्हा जबालिया टोळीवाल्यांच्या भरवशावर सोडलंय," छातीवर हात ठेवून फुरैज म्हणाला आणि कुंपणात शिरलेल्या मेहुणीच्या शेळीला त्यानं खडा मारला.

इस्माइलियाच्या विद्यापीठातून फुलपाखरं अभ्यासायला आलेल्या डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर रांगत झातरची, म्हणजे वासाच्या रानओव्याची, झुडपं चाचपत होत्या. नखाएवढी निळी फुलपाखरं अंडी घालून केव्हाच संपली होती. आता कळ्यांत अळ्या असायला हव्या होत्या. नसल्या, तर कुंपण निघणार आणि रखवालदार फुरैज पुन्हा पाहुण्यांचे उंट हाकणार. उंटांना तो आवडत नसे.

"पाऊसच नाही झाला, बाई. अळीनं तरी काय करावं?"

"खरंय, फुरैजभाऊ. पण न बघता मी ‘आहे’ कसं म्हणू?"

दोघं रिकाम्या हातांनी खाली बागेत उतरली, तेव्हा त्याच्या बायकोनं, सबीहानं, किटली चढवली होती. झातर न घालता पाहुणीला चहा देणं म्हणजे घराची नाचक्की. तिनं कनवटीची पिशवी सोडली आणि कळ्यांनी लगडलेली ताजी जुडी काढली. फुरैजचा चेहरा उतरला. कुंपणाबाहेर शेळ्यांनी एक कळी ठेवली नव्हती.

"सलमानच्या आई, हे कुठलं?"

"तुमच्याच कुंपणातलं. दुपारी तुम्ही घोरत असता, तेव्हा आणते. इतकी वर्षं पिताय, कधी विचारलंत?"

डॉक्टरीणबाई जुडीकडे बघत होत्या. तिच्यातून मुंग्या निघत होत्या. सबीहा त्या झटकायला गेली.

"थांबा, वहिनी! अळीच्या अंगचा गोड रस चाटायला येतात त्या. बदल्यात तिची राखण करतात."

"म्हणजे खऱ्या रखवालदार ह्याच," सबीहा म्हणाली.

बाईंनी बोटानं कळ्या बाजूला केल्या. त्यांतली एक कळी हळूच चालू लागली.

"आहे," बाई म्हणाल्या. "आता ही मातीत कोष करून निजेल, ती थेट पुढच्या वसंतात उठेल."

"अल्लाचे उपकार," फुरैज पुटपुटला. मग किटलीकडे बघत म्हणाला, "आणि तुझे."

असलं ऐकायची सवय नसल्यानं सबीहानं पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

तिघं पुन्हा डोंगर चढली. अळी झुडपावर ठेवली. सबीहानं उरलेली जुडी मुंग्यांसकट बुडाशी टेकवली. फुरैजनं शेळीला हुसकावलं आणि ढासळलेले दगड पुन्हा रचले.

परत येईतो चहा उकळून काळा झाला होता. त्यात नुसती साखर होती.