राग्नाच्या घरची दुग्नाद

बोरघिल्डनं खुर्चीला खांदा लावून आणखी एक धक्का दिला आणि खुर्ची जिन्याच्या वळणावर पक्की रुतून बसली. दोन पाय कठड्यात, पाठ भिंतीला. आता ती वरही जाईना आणि खालीही. बोरघिल्ड दोन पायऱ्या मागं सरकली, तिनं बाहीनं कपाळ पुसलं, आणि वाईट वाटायच्या ऐवजी तिला चक्क बरं वाटलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढा मोठा अडथळा एकटीनं उभा करणं काही खायचं काम नव्हतं.

खाली दार उघडल्याचा आवाज आला. तळमजल्यावरचा तोरगाइर, म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष, मास्क नाकावर चढवत वर आला आणि खुर्चीच्या पलीकडे थांबला.

"नवीन वर्षाच्या शुभेच्छा, बोरघिल्ड," तो म्हणाला. "आणि सरत्या वर्षाबद्दल आभार."

एक जानेवारीला आमच्या बर्गनमध्ये सगळे एकमेकांना असंच म्हणतात. समोरच्यानंही तेच परत म्हणायचं आणि पुढं जायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. बोरघिल्डनं विचार केला.

"शुभेच्छा घेते. आभारांचं राहू दे. त्या मेल्या वर्षाचे आभार माझ्या तोंडून निघायचे नाहीत."

"अगं, म्हणायची पद्धत असते."

"असेल. मला नाही जमत."

तोरगाइरनं खुर्चीकडे पाहिलं. "आणि हे काय चाललंय?"

"दुग्नाद."

"एकटीची?"

"खाली कागद लावलाय की. बारा वाजता, राग्नाचं घर आवरायला. हातमोजे आपापले, कॉफी आपापली. वाचलास म्हणूनच आलास ना?"

वाचला होताच. तो कागद काढून, चार घड्या घालून त्यानं हातात धरला होता.

दुग्नाद, म्हणजे सगळ्यांनी मिळून बिनपैशाचं करायचं काम, या इमारतीला नवी नव्हती. वर्षातून दोनदा आठही घरांनी अंगणात उतरायचं, पानं झाडायची, कठडे रंगवायचे, आणि वर राग्नाचे गरम वॉफल खायचे. तीस वर्षं वॉफलचा साचा तिचा आणि झाडूही तिचाच. मार्चमध्ये साथ आली आणि सरकारनं तोच शब्द उचलला. तोरगाइरनंही दारावर कागद डकवला: 'घरी राहा. हीच यंदाची दुग्नाद.' मग सगळे घरी राहिले. नोव्हेंबरात बोरघिल्डच्या भिंतीपलीकडे राग्ना आपल्या याच खुर्चीत बसल्या बसल्या गेली. साथीनं नव्हे, हृदय थांबून. कळलं ते पाचव्या दिवशी, तेही टपालवाल्याला. तिच्या मागं कुणी नव्हतं. येत्या सोमवारी घर रिकामं करायला ठेकेदाराची माणसं यायची होती.

"सोमवारी माणसं येताहेत," तोरगाइर म्हणाला. "ठरलंय ते."

"परकी माणसं. तिनं विणलेले स्वेटर काळ्या पिशवीत कोंबतील आणि शिट्टी वाजवत जातील. नाही व्हायचं ते. तिनं आपली घाण तीस वर्षं काढली, आपण तिची एक दिवस काढू."

"दुग्नाद बोलवायचा अधिकार समितीचा आहे, बोरघिल्ड. शिवाय या दिवसांत..."

"मग बोलव ना. समिती तूच आहेस. वर्षभर कुठं होतास?"

"घरी! सगळा देश घरी होता. तीच दुग्नाद होती."

"दुग्नाद म्हणजे बाहेर पडणं रे. आत बसण्याला बसणं म्हणतात. तू आम्हाला बसायला शिकवलंस आणि नाव चांगलं दिलंस."

तोरगाइरचे कान लाल झाले. एवढ्यात मधल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि सेलाम बाहेर आली. शहराच्या बसवर चालक आहे ती. वीस वर्षांपूर्वी आपलं अस्मारा शहर सोडून इथं आली, आणि वाद घालण्यात इथल्यांपेक्षा काकणभर सरसच आहे. तिच्या अंगात गणवेश होता.

"मला तीनची पाळी आहे," ती म्हणाली. "जाऊ कुठून?"

"खुर्चीवरून," बोरघिल्ड म्हणाली.

सेलामनं कमरेवर हात ठेवून खुर्ची न्याहाळली. "कुणी अडकवली ही? पुढं पुढं रेटत राहिलात तर उद्यापर्यंत इथंच. आधी मागं घ्यायची, तिरकी करायची, मग वळवायची. रोज बस वळवते मी तशी. अध्यक्ष, मास्क नीट कर आणि खालचा पाय धर."

तोरगाइरनं कागद खिशात घातला आणि पाय धरला. सेलामनं वरून हात घातला, बोरघिल्डनं पाठ धरली. "एक, दोन," सेलाम म्हणाली. तीन म्हणायच्या आत तोरगाइरनं पाय सोडून दिला.

"मी गेलो होतो," तो म्हणाला.

"कुठं?"

"तिच्या दाराशी. बुधवारी. टपालपेटी भरलेली दिसली म्हणून वर गेलो. बेलवर बोट ठेवलं होतं मी. आत रेडिओ चालू होता. म्हटलं, आहे की. ऐकत बसलीय निवांत. कशाला तिला त्रास द्या." त्यानं खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. "आणि खाली आलो."

डॉक्टरांनी मृत्यूचा दिवस सोमवारचा सांगितला होता. ते तिघांनाही ठाऊक होतं.

आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात. न बोलावता कुणाचं दार वाजवायचं नाही, आणि आपलंही कुणाला वाजवायला लावायचं नाही. मुलांना चालायच्या आधी हे शिकवतात.

बोरघिल्ड पायरीवर बसली. तोरगाइरला बोलायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. महिनाभर ती अंथरुणात पडल्या पडल्या ते घोळत होती. बाहेर आलं ते वेगळंच.

"मी भिंत बडवली," ती म्हणाली. "गुरुवारी. आवाज कमी कर म्हणून ओरडले. कमी होईना, तर चिडून माझा रेडिओ मोठा केला. मेलेल्या बाईवर चिडले मी, तोरगाइर. तिला हट्टी म्हातारी म्हणाले."

 मग सेलाम म्हणाली, "माझी आई असती तर दार फोडून आत शिरली असती, आणि वर तिलाच कॉफी करायला लावली असती." तिनं खुर्ची पुन्हा पकडली. "मलाही पूर्वी तसं जमायचं. वीस वर्षांत तुमच्यासारखी झाले. चला, उचला."

खुर्ची मागं आली, तिरकी झाली आणि वळली. ती तळमजल्यावर टेकेपर्यंत एवढा धडधडाट झाला की इमारतीतली उरलेली दारं एकेक करून फटीएवढी उघडली. आवाजाबद्दल तक्रार करायची तर तोंड दाखवावं लागतं. आणि तोंड दाखवलं की बोरघिल्ड तयारच होती.

"हातमोजे घाल आणि वर ये," ती प्रत्येकाला सांगत होती. "नाही म्हणायचं असेल तर वर येऊन म्हण."

पहिल्या मजल्यावरचं जोडपं आलं. मग कधी नमस्कारही न करणारा मास्तर आला. अंतर राखायचं म्हणून जिन्यात साखळी धरली. प्रत्येक वळणावर एक माणूस, वस्तू मध्येच ठेवायची आणि मागं व्हायचं. चांगलं ते एका बाजूला, टाकायचं ते दुसऱ्या. स्वेटर कुणीही पिशवीत कोंबले नाहीत. मास्तरानं तर एक एक घडी घातली आणि तीन स्वेटर झाल्यावर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. त्याच्या अंगातला स्वेटरही राग्नानंच विणलेला होता.

दोनच्या सुमाराला घर रिकामं झालं. पाऊस भुरभुरत होता. अंगणात सगळे दोन-दोन मीटरवर आपापले थर्मास घेऊन उभे राहिले. वॉफल नव्हते, आणि ते नाहीत हे प्रत्येकाला कळत होतं.

"ऐका," बोरघिल्ड म्हणाली. "उद्यापासून रोज सकाळी नऊला प्रत्येकानं शेजारच्याची बेल वाजवायची. आत जायचं नाही, गप्पा नकोत. वाजवायची, तोंड बघायचं, निघायचं. त्रास होईल. होऊ दे. साथ जाईल तेव्हा जाईल, पण या जिन्यात पुन्हा कुणी पाच दिवस रेडिओ ऐकत बसणार नाही."

मास्तरानं मान हलवली. जोडप्यानं मास्तराची बेल घेतली, मास्तरानं सेलामची, सेलामनं तोरगाइरची. प्रत्येकाचं ठरत गेलं.

"आणि तुझी?" सेलामनं विचारलं. "शेजारचं घर तर आत्ताच रिकामं केलं आपण."

"माझी कशाला? मी ठणठणीत आहे," बोरघिल्ड म्हणाली. "माझ्या एकटीसाठी कुणी तीन जिने चढायला नकोत."

कॉफीचे पेले जिथल्या तिथं थांबले. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि आपण काय बोललो ते तिलाही ऐकू आलं होतं.

"राग्ना अगदी अस्संच म्हणायची," तोरगाइर हळूच म्हणाला.

बोरघिल्डचा चेहरा तापला. सगळ्यांना त्रास द्यायला निघालेल्या बाईला स्वतःला पकडलं जाणं मुळीच आवडलं नाही. "बरं!" ती ओरडली. "तूच ये मग, तोरगाइर. नऊला. आणि उघडलं नाही तर दार फोड. नवं बसवायला बोलव दुग्नाद, समिती आहेस ना तू!"

दुसऱ्या दिवशी ती सातलाच तयार झाली. केस विंचरले, चांगला ब्लाउज घातला, मग एवढा नट्टापट्टा कशाला म्हणून जुना घातला. नऊला दोन मिनिटं असताना जिन्यात पावलं वाजली. जड, सावकाश, मध्ये दम खात. पावलं दारापाशी आली आणि थांबली.

बोरघिल्ड आतल्या बाजूला उभी होती. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. बेल वाजत नव्हती. हातभर अंतर होतं. तिनं कडी काढली असती तर दोघांची सुटका झाली असती. तिचा हात कडीपर्यंत गेलासुद्धा. तिनं तो मागं घेतला आणि कमरेवर मुठी आवळून उभी राहिली.

"वाजव," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "वाजव रे मेल्या."

पायपुसण्यावर बूट इकडून तिकडे हलले. एक पाऊल मागं गेलं. बोरघिल्डनं डोळे मिटले.

मग बेल वाजली. एकदा नाही, तीनदा, आणि तिसऱ्या वेळी त्यानं बोट काढलंच नाही.