जयसिंगरावांचं नाक

जयसिंगराव वनखात्यातून निवृत्त झाले, पण त्यांचं नाक काही निवृत्त झालं नव्हतं. बेंगळुरूत चंदनचोरीचा खटला उभा राहिला की सरकारी वकील तज्ज्ञ साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलवत. तीस वर्षांत "हे चंदन नव्हे" असं ते एकदाही म्हणाले नव्हते, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

आजचा आरोपी होता बोम्मसंद्राचा सुतार मल्लाप्पा. शिपायाने त्याच्याकडून जप्त केलेलं, गोणपाटात शिवलेलं गाठोडं पुढे धरलं. जयसिंगरावांनी दुरूनच हुंगलं. उघडून बघणं, हात लावणं हे त्यांच्या मते अडाण्यांचं काम.

"अस्सल चंदन."

मल्लाप्पाची वकील रक्षिता उठली. न्यायाधीशांच्या परवानगीने तिने ज्या पोलीस ठाण्यातून ते गाठोडं आलं होतं, त्याच ठाण्यातून मागवलेलं दुसरं गाठोडं पुढे आणवलं.

"आणि हे, सर?"

"हेही चंदनच. चांगलं गाभ्यातलं!"

रक्षिताने शिवण उसवली. आतून एका घरफोडीतली लोखंडी पहार निघाली.

"परवा आयुधपूजा झाली," ती म्हणाली. "ठाण्यातल्या लोकांनी जीप, बंदुका आणि जप्त केलेल्या एकूण एक गाठोड्याला चंदनाचं गंध फासलंय."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाला लावला.

"आता काय म्हणता, जयसिंगराव?"

जयसिंगराव भडकले.

"मी काय म्हणायचं, साहेब? पोलिसांनी पकडून आणलंय ना? मग चंदनच असणार!"