नळी मी ओढणार

नळी अर्ध्यापर्यंत खाली आली आणि कुंदाच्या हातातून सुटून खटकन पुन्हा सरळ झाली.

"मदाम, मैं करता," इद्रिस म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

"नाही," कुंदा मराठीतच म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता, "मैं करूंगी."

ती स्प्रिंगची छर्‍याची बंदूक होती. प्रत्येक छर्‍यासाठी नळी मधोमध मोडून खाली ओढावी लागे, तेव्हा कुठे आतली दणकट स्प्रिंग दाबली जाऊन अडकायची. कुंदाने दस्ता मांडीवर टेकवला, डाव्या हाताने नळीचं टोक धरलं आणि सगळं अंग मागे टाकलं. उजव्या हाताला जोर देण्याची मनाई होती. आदल्या ऑगस्टमध्ये मुंबईत तिचा उजवा स्तन काढला होता, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, आणि तेव्हापासून तो हात तिचा असून परका झाला होता.

स्प्रिंग अडकल्याचा आवाज आला. कुंदाचा चेहरा घामाने निथळत होता. तिने छर्रा भरला, नेम धरला, चाप ओढला. दहा मीटरवरच्या कागदावर कुठेच भोक पडलं नाही.

"कागज में नहीं है," इद्रिस म्हणाला.

"मालूम है. दूसरा दो."

इद्रिस सुदानचा. पोलिसातून निवृत्त झालेला, उंच, शांत माणूस. अबुधाबीतल्या त्या क्लबच्या तळघरात तो नेमबाजी शिकवायचा. हिंदी त्याने बंगाली आणि मल्याळी शिपायांकडून उचलली होती. पहिल्या दिवशी कुंदाने त्याला ऑपरेशनचं सांगितलं, तेव्हा त्याने एवढंच विचारलं होतं, "आँख ठीक है?" ठीक आहे म्हटल्यावर त्याने विषय संपवला होता. कुंदाला तो तेव्हाच आवडला.

कारण बाकी सगळे विषय संपवतच नव्हते. ती एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायची, अकरा वर्षं. यंदाच्या क्रीडादिनाला शिक्षिकांची लिंबूचमचा शर्यत होती. मुख्याध्यापिकांनी कुंदाला सावलीत खुर्ची दिली, हातात सरबत दिलं, आणि माइकवरून 'आपल्या शूर कुंदा मॅडम'साठी सगळ्या मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. कुंदाने सरबत खुर्चीखाली ठेवून दिलं. त्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या फळ्यावर तिने क्लबची जाहिरात पाहिली. बायकांसाठी दोन दिवस, दुपारची वेळ. बंदूक क्लबची.

घरी वासुदेवला हे अजिबात पटलं नव्हतं. तो एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होता, सज्जन, हळू बोलणारा. ऑपरेशननंतर तो फारच हळू बोलायला लागला होता. कुणाचा फोन आला की दाराआड जाऊन सांगायचा, "ती जरा पडलीये." ती पडलेली नसायची. ती आत वह्या तपासत असायची.

"दस्ता खांद्याला मारतो तुझ्या," तो म्हणायचा. "डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. उजव्या हाताने ओढायचं नाही म्हणाले. मी डाव्याने ओढते."

"पण कशासाठी, कुंदा?"

यावर ती पोळी लाटत राहायची. कशासाठी ते तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. तिथे तिच्याकडे कुणी मान तिरकी करून बघत नव्हतं, एवढं मात्र खरं.

एप्रिल संपता संपता मुख्याध्यापिकांनी तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"कुंदा, तुमची फार आठवण येईल," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण मिस्टरांचं बरोबर आहे. पुण्याला घरची माणसं आहेत, उपचारही चांगले होतील. सुट्टीनंतर तुम्ही येणार नाही, असं मी वर कळवलंय."

कुंदाला आधी वाटलं, बाई दुसर्‍याच कुणाबद्दल बोलताहेत.

"त्यांनी तुम्हाला फोन केला?"

"परवा. तुम्हाला बोलायला जड जाईल म्हणाले."

खोलीतला एसी घरघरत होता. कुंदाने टेबलावरचा पृथ्वीगोल उगाचच थोडा फिरवला आणि थांबवला.

"मी काही लिहून दिलेलं नाही, मॅडम. आणि देणारही नाही. जागा भरू नका. सप्टेंबरमध्ये मी वर्गावर असेन."

"तब्येत—"

"तब्येत माझी आहे."

त्या दुपारी ती तळघरात गेली ती दात आवळून. नळी पहिल्याच झटक्यात खाली आली. बंदूक तिने खांद्यात रुतवली, पुढचा हात असा घट्ट आवळला की बोटं पांढरी पडली. छर्रे कागदभर विखुरले. एक वर, एक डाव्या कोपर्‍यात, एक थेट पलीकडच्या बाईच्या कागदावर.

इद्रिसने तो कागद काढून आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

"आज गुस्सा है?"

"है."

"रखो. गुस्सा अच्छा है. लेकिन बंदूक को मत दो." त्याने बंदूक उचलून आपल्या उघड्या तळव्यावर नुसती ठेवली. "ये स्प्रिंगवाला है, मदाम. चाप खींचा तो अंदर स्प्रिंग भागता है. बंदूक पहले पीछे कूदता, फिर आगे कूदता. छर्रा अभी नली के अंदर ही है, मालूम? तुम दबाके पकड़ेगा तो हर बार अलग कूदेगा. उसको कूदने दो. हर बार एक जैसा कूदने दो. खलास."

त्याने वाळूची पिशवी टेबलावर सरकवली. कुंदाने डाव्या हाताची पाठ पिशवीवर टेकवली, तळवा उघडा ठेवला, त्यावर बंदूक निजवली. बोटं मिटायची नाहीत. उजव्या हाताने मूठ नुसती जवळ ओढायची, तेवढा जोर त्या हातात होता. दस्ता खांद्याला लागेल न लागेल इतकाच. गाल लाकडावर दर वेळी त्याच जागी. अर्धा श्वास सोडायचा. चाप हळूहळू, सुटेल तेव्हा सुटू द्यायचा.

"शुवय्या, शुवय्या," इद्रिस म्हणाला. हळू, हळू.

बंदूक उडाली. कुंदाने लगेच डोकं वर केलं.

"नहीं! गोली गया तो भी देखते रहो. जब तक आवाज खलास नहीं होता."

हेच सर्वांत कठीण गेलं. छर्रा सुटल्यावर काय झालं ते बघायला मान आपोआप उचलली जायची, आणि त्या उचलण्याची तयारी आधीच अंगात शिरलेली असायची. मे महिनाभर ती फक्त तेवढंच शिकली. उडवायचं आणि हलायचं नाही. कागदावरची भोकं हळूहळू एकमेकांच्या जवळ आली. आधी वितीएवढ्या जागेत, मग चहाच्या बशीएवढ्या. मग एका दुपारी तीन भोकं एकमेकांना चिकटली. ती कागदावरच्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर होती, पण चिकटली होती. इद्रिसने बंदुकीवरची नेम धरायची माशी थोडी सरकवून दिली आणि म्हणाला, "अब तुम शूटर है."

वासुदेवला ती शाळेबद्दल काहीच बोलली नाही. तो संध्याकाळी पपई कापून आणायचा, बिया काढून. ती खायची. भांडायला गेलं तर तो 'तुझी तब्येत' म्हणणार, आणि त्या शब्दापुढे जगात कुणाचंच चालत नाही, हे ती आठ महिने बघत होती. तिने ठरवलं, आपण जायचं नाही. सांगायचंही नाही.

जूनमध्ये क्लबची नवशिक्यांची स्पर्धा होती. गुरुवारी सकाळी; तिथे आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. वासुदेवच तिला गाडीतून घेऊन आला आणि इतर नवर्‍यांसोबत दोरीमागच्या बाकावर बसला. अकरा बायका होत्या: दोन लेबनीज, चार फिलिपिनो, एक गोरी म्हातारी, बाकी आपल्याकडच्या. बहुतेकींच्या नळ्या क्लबची माणसं ओढून देत होती. नियमात ते बसत होतं.

"मदाम?" इद्रिसने विचारलं.

"नळी मी ओढणार," कुंदा म्हणाली. त्याला मराठी येत नव्हती. तो मागे सरकला.

सुरुवात बरी झाली. पण अर्ध्यावर आल्यानंतर डावा दंड भरून आला. नळी खाली येईना. ती उठून उभी राहिली, दस्ता मांडीवर दाबला, ओढलं. नळी अर्ध्यावरून सुटली. खटकन आवाज झाला, शेजारच्या बाईने वळून पाहिलं. कुंदाने पुन्हा धरली. पुन्हा सुटली. तिसर्‍यांदा तिच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला, आणि मागे बाक सरकल्याचं तिने ऐकलं.

वासुदेव दोरी ओलांडून आला होता. त्याचा हात नळीकडे येत होता.

"दे इकडे. पुरे झालं आता."

"मागे व्हा."

"कुंदा, अगं सगळे—"

"मागे व्हा, वासुदेव!"

तेवीस वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. अहो म्हणायची, लोकांत 'हे' म्हणायची. तळघरात ते नाव भिंतींवर आपटून परत आलं. वासुदेव जागच्या जागी उभा राहिला, मग उलट्या पावलांनी दोरीपलीकडे गेला. कुंदाने नळी ओढली. ती आली.

उरलेले छर्रे तिने त्याच सावकाशीने मारले. प्रत्येकानंतर ती लाकडाला गाल लावून थांबली. निकाल लागला तेव्हा ती सहावी होती. गोरी म्हातारी पहिली आली आणि तिने कुंदाच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. खांद्यापासून कमरेपर्यंत दुखलं. कुंदाला फार बरं वाटलं.

गाडीत बसल्यावर वासुदेवने किल्ली लावली, पण फिरवली नाही. काचेवर ऊन आदळत होतं.

"शाळा सोडली नाहीस तू," तो म्हणाला. "काल तुमच्या मॅडम भेटल्या कोऑपच्या दुकानात. सप्टेंबरचं टाइमटेबल म्हणत होत्या."

"नाही सोडली."

"मी फोन केला होता त्यांना."

"माहीत आहे."

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मला नोटीस मिळालीये. मार्चमध्येच. प्रोजेक्ट गुंडाळताहेत. या महिन्याअखेर खलास." "व्हिसा माझा जाणार, म्हणजे तुझाही. जावं लागणारच होतं. तर म्हटलं..."

"तर म्हटलं, माझ्या आजाराचं नाव सांगावं."

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

"पुण्यात भाऊजींना काय सांगितलंत?"

"तेच. तुझं फार चालत नाही, म्हणून परत येतोय. उल्हासदादा म्हणाला, शहाणपणाचा निर्णय आहे."

कुंदाने डावा दंड चोळला. खिडकीबाहेर ती गोरी म्हातारी आपलं बक्षीस गाडीच्या डिकीत टाकत होती. एवढे महिने ज्या कुजबुजीचा तिला राग येत होता, तिच्याआड हा माणूस स्वतः लपून बसला होता. कीव वाटली, पण रागाहून ती फार लहान होती.

"शाळा मला स्वतःचा व्हिसा देईल," ती म्हणाली. "मी शनिवारी शाळा उघडली की बोलते. केमिस्ट्रीच्या मॅथ्यूबाईंनी नवर्‍याला आपल्या व्हिसावर आणलंय. तुम्ही माझ्या व्हिसावर राहा, दुसरं मिळेपर्यंत."

"बायकोच्या व्हिसावर?"

"मी अकरा वर्षं तुमच्या व्हिसावर होते. मला काही झालं नाही."

त्याने गाडी सुरू केली.

"घरी नको," कुंदा म्हणाली. "तो बूथ दिसतोय ना, तिथे थांबवा. कार्ड आहे माझ्याकडे."

"कोणाला फोन?"

"भाऊजींना. तुम्ही करायचा."

"आत्ता? अगं, संध्याकाळी निवांत—"

"आत्ता."

काचेचा बूथ तापून भट्टी झाला होता. वासुदेव आत गेला, कार्ड सरकवलं, पुण्याचा नंबर फिरवला. दार मिटायला लागलं तसं कुंदाने ते उजव्या हाताने अडवून धरलं. पलीकडे घंटा वाजताना तिला ऐकू येत होती. मग उल्हासचा मोठा आवाज आला, आणि त्याने नेहमीप्रमाणे आधी तिच्याबद्दलच विचारलं.

वासुदेवने तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही.

"कुंदा अगदी ठणठणीत आहे, दादा," तो म्हणाला. त्याने रिसीव्हर दुसर्‍या कानाला लावला. "ऐक. तिचं काही नाही. माझं आहे."