डिझेल आलं त्या दिवशीच्या शेवया

कमालनगरच्या स्टेशनामागच्या गल्लीतल्या बायकांना रेल्वेची इंजिनं जेवढी ठाऊक होती, तेवढे स्वतःचे दीरही ठाऊक नव्हते. यात फुशारकी काही नाही. दीर सणासुदीला येतो. इंजिन रोज येतं आणि वाळत घातलेल्या पापडांवर काजळी टाकून जातं. ज्याचा त्रास जास्त, त्याची ओळख जास्त.

इंजिनांना नावं ठेवलेली होती. 'थोरली'ची शिट्टी खोल आणि धूर सरळ आभाळात. ती गेली तरी पापडाला डाग नसे. 'दमेकरीण' चढाला धापा टाकायची आणि कोळशाची कणी उडवायची. 'नकटी'चं तर विचारू नका. तिच्या वाटेवर पापडच काय, जुनं लुगडंही वाळत घालू नये. आता कुठली येतेय हे ती दिसायच्या आधी कळलं तर उपयोग, आणि ते कळायचं फक्त विमलबाईला.

विमलबाई ही स्टेशनावर रूळ बदलणाऱ्या पॉइंटमन नरसिंगची बायको. तिचे वडील वाडी जंक्शनच्या शेडमध्ये इंजिनात कोळसा भरायचे, तिथंच तिचा कान तयार झाला. उन्हाळ्यात सिद्धव्वाच्या अंगणात बायका शेवया-पापडाला जमल्या की विमलबाईला बोलावणं जायचं. ती कुंपणालगतच्या दगडावर बसायची. "थोरली हाय, ऱ्हाऊ द्या," म्हणाली की हात चालू राहायचे. "नकटी! उचला!" म्हणाली की सगळ्या बाजा ओसरीत.

पिठाला मात्र तिचा हात लागत नसे. विमलबाईच्या सासऱ्यानं बौद्ध धर्म घेतला त्याला पंचवीसेक वर्षं झाली होती, पण सिद्धव्वाच्या सासूला, मल्लव्वाला, अजून जुनंच सगळं आठवत होतं. म्हातारी रोज सकाळी विभूती लावून माणूस सगळा एक अशी वचनं म्हणायची, आणि पिठाची परात मात्र कुंपणापासून लांब ओढून घ्यायची. विमलबाईला राग येत नसे असं नाही. चांगला सणसणीत येत असे. पण ते अंगण आणि तिथली इंजिनांवरची भांडणं, यावर तिचा जीव होता. राग गिळून ती दगडावर बसायची.

भांडायला समोर सिद्धव्वाच असायची. तिचा भाऊ मल्लिकार्जुन गुलबर्ग्याला राहायचा. तिकडच्या मोठ्या लाइनीवर डिझेल इंजिनं कधीचीच आली होती, आणि भाऊ सांगेल ते सिद्धव्वाला पाठ.

"कोळसा न्हाई, पाणी न्हाई. बटन दाबलं की चाललं," ती म्हणायची.

"पानी न पिणारं जनावर कसलं वं अक्का? त्येला जीव हाय का?"

"जीव नसू दे. पापड तरी पांढरे ऱ्हातेत."

"अन् वळखायचं कसं? एकसारखी दिसतेत म्हणं सगळी."

"वळखून काय करायचंय? सोयरीक जुळवायलीस का?"

बायका हसून हसून लोळायच्या. विमलबाईही हसायची.

एका वैशाखात नरसिंगनं बातमी आणली: सोमवारपासून या लाइनीवर डिझेलच. गल्लीत आनंदीआनंद झाला. सिद्धव्वाच्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. तिनं लगेच सोमवारीच शेवया वळायचं ठरवलं. विमलबाईला मात्र त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. डिझेल आलं की कान कशाला लागणार? आणि कान लागणार नसेल तर दगडावर विमलबाई तरी कशाला लागणार? सोमवारी तिला बोलावणंही आलं नाही. कुणी मुद्दाम टाळलं नव्हतं, गरजच उरली नव्हती. आणि हेच जास्त झोंबलं. तरी ती गेली. हात पदराखाली गुंडाळून दगडावर बसली.

"आलीस का?" सिद्धव्वा म्हणाली. "बस. तुझी सवत बघ आता कशी झोकात येतीय."

बाजांवर पांढऱ्या धोतरांवर शेवया पसरल्या होत्या. पाटावर आणखी वळणं चालू होतं. इतक्यात विमलबाईनं मान वर केली. लांबून, उदगीरच्या बाजूनं, नाकातून काढल्यासारखी घरघर ऐकू येत होती. तिचा विश्वास बसेना. परत ऐकलं.

"अक्का, उचला! नकटी यायलीय!"

अंगण खदखदून हसलं. "विमल, तुज्या नवऱ्यानंच सांगिटलं की डिझेल म्हणून!"

"नवऱ्याला काय कळतंय? नकटीच हाय. उचला म्हन्ते ना!"

सिद्धव्वानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. जन्मभर डिझेलची बाजू घेतलेली बाई, पण लेकीच्या लग्नाच्या शेवया होत्या. "उचला गं," ती म्हणाली. बायका कुरकुरत उठल्या, बाजा ओसरीत नेल्या, वर धोतरं टाकली.

आणि वळणावरून गाडी दिसली. पुढं चकचकीत, चौकोनी तोंडाचं डिझेल! ना धूर, ना काजळी.

मग काय विचारता. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी विमलबाईला नमस्कार केला. "काय गं, कान म्हातारा झाला का?" मल्लव्वानं विचारलं. विमलबाईला वाटलं, दगडासकट जमिनीत जावं. बायकांतल्या दोघी बाज उचलून पुन्हा उन्हात निघाल्या.

"थांबा!" सिद्धव्वा ओरडली. "शेवटचा डबा जाऊ द्या. विमलचा कान आजपतोर चुकला न्हाई."

"अगं, डोळ्यानं दिसायलंय की डिझेल!"

"दिसू दे. थांबा म्हन्ते."

डबे गेले, एक, दोन, तीन... आणि शेवटच्या डब्याच्या मागं, सगळा जोर लावून गाडी ढकलत, नकटी! डिझेल चढावर बंद पडलं होतं आणि स्टेशनवाल्यांनी मागून जी सापडली ती लावून दिली होती. नकटीनं वर्षभराचा राग काढला. काळा लोट थेट ओसरीत शिरला. धोतरं उडायला लागली, बायका दोन्ही हातांनी ती दाबून धरायला धावल्या, मल्लव्वासुद्धा. विमलबाई तेवढी दगडावर उभी राहून पदराखालच्या हातांनी पोट धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

धूर निवळला. धोतरं उचलून पाहिली, तर शेवया शुभ्र. बायकांनी एकमेकींची काळी तोंडं पाहिली आणि पुन्हा हसू फुटलं. सिद्धव्वा धावत आली. विमलबाईला मिठी मारावी म्हणून हात पसरले आणि तसेच थांबले. कोपरापर्यंत काळे.

"आता गं?" ती म्हणाली. अर्धी परात पीठ ओल्या फडक्याखाली तसंच होतं. ऊन वाढत होतं. हौदावर काजळीची साय धरली होती, आणि पाणी शेंदून आणेपर्यंत पीठ सुकणार. मल्लव्वानं स्वतःचे हात पाहिले, सुनेचे पाहिले, एकेकीचे पाहिले. मग तिची नजर कुंपणाकडं गेली. पदराखालून नुकतेच निघालेले विमलबाईचे हात. अख्ख्या अंगणात स्वच्छ हात तेवढेच.



"बघत काय उभारलीस?" म्हातारी शेवटी खेकसली. "पीठ सुकायलंय. ये की."

विमलबाई जागची हलली नाही. "कोन, मी?"

"न्हाई, ती नकटी!"

विमलबाई आली. पाटाशी बसली, फडकं काढलं, पिठाचा गोळा हातात घेतला. पहिली तार निघाली ती केसासारखी. बायका पुढं झुकल्या. मल्लव्वाही परातीवर वाकली.

"बारीक ओढ, बारीक. जाड शेवई आमच्या पावण्यास्नी चालत न्हाई."

"अव्वा, मागं सरका जरा," विमलबाई म्हणाली. "तुमच्या हाताची काजळी पडंल पिठात."

आणि मल्लव्वा मुकाट्यानं मागं सरकली.