चालू ठेवलेली हार्ड डिस्क

सोलापुरात काहीही विचारा, उत्तर मिळतं. 'माहीत नाही' म्हणायचा इथं लोकांना कमीपणा वाटतो. पत्ता विचारला तरी माणूस हात वर करून कुठंतरी पाठवतोच. मी तर हार्ड डिस्कबद्दल विचारत होते.

त्या डिस्कमध्ये आईचा आवाज होता. माझी आई, येसूबाई, गल्लीतल्या प्रत्येक बारशाला नवा पाळणा रचून म्हणायची. बाळाच्या बापाची नोकरी, आत्याचा रुसवा, मांडवातली भांडणं, सगळं त्यात यायचं आणि बायका पोट धरून हसायच्या. लिहून तिनं कधी ठेवलं नाही. एका उन्हाळ्यात मीच मागं लागून आठवतील तेवढे पाळणे तिच्याकडून म्हणवून घेतले, मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि या डिस्कवर टाकले. पुढं तो मोबाइल बिघडला, आणि मागच्या वर्षी आई गेली. मग एक दिवस मांजरीनं टेबलावरची वायर ओढली आणि डिस्क शहाबादी फरशीवर पडली. लॅपटॉपला लावली तर नुसती टिक टिक वाजली. उघडली नाही.

सात रस्ता चौकात शिवशरण म्हणून एकाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं डिस्क हातातही न घेता सांगितलं, "फॉरमॅट मारू मॅडम, नव्यासारखी हुईल."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल की."

ऑफिसातल्या वैजयंती मॅडम म्हणाल्या, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव, माझ्या भाच्याची त्यानंच सुरू झाली. कुणी तांदळात पुरायला सांगितली. माझा चुलतभाऊ प्रदीप मोहोळहून फोन करून म्हणाला, "हळूच एक टपली हाण की, अडकल्यालं सुटतंय." उचलली जीभ लावली टाळ्याला. इंटरनेटवर एक जण म्हणतो हे कराच, दुसरा म्हणतो हे चुकूनही करू नका, आणि दोघांच्याही खाली लोकांनी हात जोडून आभार मानलेले. मला राग यायचा तो त्यांच्या खात्रीचा. त्यांची आई नव्हती त्यात.

मी डिस्क आईच्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवली. खरी माहिती मिळेपर्यंत कुठल्याही दीडशहाण्याच्या हातात ती द्यायची नाही, असं ठरवलं.

महिनाभरानं पुण्यातल्या एका लॅबचा नंबर मिळाला. बिघडलेल्या डिस्कमधलं काढून द्यायचं, एवढंच काम ते करतात. फोनवर एक बाई होत्या. मी सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "न बघता मला काही सांगता येणार नाही." इतक्या दिवसांत असं म्हणणारं ते पहिलं माणूस. माझा तिथंच विश्वास बसला.

"एक मात्र लक्षात ठेवा," त्या सावकाश सांगू लागल्या. "आत गुळगुळीत चकत्या असतात. त्यांच्यावरून एक बारीक हेड फिरतं, पण ते टेकत नाही. पडल्यामुळं ते वाकलं असेल, तर करंट दिला की ते चकती खरवडतं. तुमच्या आईचा आवाज त्या चकतीवरच आहे. खरवडलेलं परत येत नाही. पडल्यापासून कितीदा चालू केलीत?"

"एकदाच."

"मग आशा आहे. आता अजिबात लावू नका. लगेच पाठवा."

मी अर्धी रजा टाकून घरी आले. रिक्षात बसल्या बसल्या मला हसूच येत होतं. आईचा कुठला पाळणा आधी ऐकायचा, हेसुद्धा मी ठरवून टाकलं.

दार उघडंच होतं. अण्णा, माझे वडील, कॉटवर बसले होते. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता रिटायर झालेत. आईची साडी त्यांच्या मांडीवर पसरलेली. मोबाइलचा चार्जर भिंतीत खोचलेला, त्याची वायर डिस्कला जोडलेली, आणि डिस्क त्यांच्या कानाशी. टिक टिक मला दारातून ऐकू आली.

"आलीस व्हय लवकर? ये, ऐक," ते म्हणाले. "उभी गाडी रोज धा मिनटं चालू करावी लागती, न्हायतर जाम व्हती. डेपोत आमी तसंच करायचो. म्हनलं, ह्ये बी मशीनच की. तुजी आई हाय त्यात, जाम व्हायला नगं."

"रोज लावता?"

"एक दिस चुकवला न्हाय."

त्यांच्या तोंडावर काम चोख केलेल्या माणसाचं समाधान होतं. मला ओरडायचं होतं. मी चार्जर काढला, डिस्क साडीत गुंडाळली आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. अख्खं गाव विचारत फिरले, घरातल्या माणसाला दोन शब्द सांगायचं मला सुचलं नव्हतं.

डिस्क पाठवली. पंधरवड्यानं त्या बाईंचा फोन आला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. चकत्यांवर गोल गोल चरे पडले होते, आवाजाचा एक तुकडाही निघाला नव्हता. "ही एकदाच चालवलेली नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही."

कुरिअरनं डिस्क परत आली त्या दिवशी अण्णा दारातच उभे होते.

"काय म्हनले?"

"काही निघालं नाही, अण्णा."

"का पर? बिघाडाला कारन असतंय." मग त्यांचा आवाज उतरला. "मी चालू करीत हुतो, त्यानं तर न्हाय ना झालं?"

महिनाभर मी प्रत्येकाकडं खरं मागत फिरले होते. आता खरं माझ्याकडं होतं, आणि ते सांगितलं असतं तर हा माणूस पुन्हा धड जेवला नसता.

"नाही हो," मी म्हणाले. "तुम्ही चालू ठेवली म्हणून तर इतके दिवस टिकली."

त्यांनी सुस्कारा सोडला. डिस्क माझ्या हातातून घेतली, कॉटवर बसले आणि चार्जर भिंतीत खोचला. मला अडवता येईना. आता कुठल्या तोंडानं अडवणार? त्यांनी डिस्क कानाला लावली. मग दुसऱ्या कानाला. वायर काढून फुंकर मारली, पुन्हा लावली. बारीक दिवा लागला, पण आवाज आला नाही. टिक टिकसुद्धा नाही.

"हितं हुती तवर वाजत हुती," ते म्हणाले.

त्यांनी डिस्क उलटीपालटी करून बघितली.

"तितं खोलली, तितंच बिघडली. पाटवायला नगं हुती गं."

लॅबचा काही दोष नव्हता. त्या बाईंएवढं खरं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण अण्णांपुढं दुसरं काय बोलणार?

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "चुकलंच माझं."

त्यांनी डिस्क बाजूला ठेवली आणि मला जवळ बसवून घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "तुला कुनी नीट सांगितलंच न्हाय, तू तरी काय करनार?"