उदाहरण एक्केचाळीस

मोहरील मॅडमच्या पुस्तकाची सातवी आवृत्ती सोमवारी बाजारात आली आणि त्या दिवसापासून मुलीला घरी बोलवायची माझी हाक त्यांच्या मालकीची झाली.

मला फार धक्का बसला नाही. पाचव्या आवृत्तीत माझं हसू गेलं होतं. सहाव्या आवृत्तीत कढीला फोडणी देताना मनगटाला द्यायचा झटका गेला. तेव्हापासून आमच्याकडे कढी होत नाही, आणि कुणी विनोद सांगितला की मी मान हलवते. लोक म्हणतात, शशी अलीकडे पोक्त झाली.

मॅडम म्हणजे कॉपीराइटच्या कायद्यातलं मोठं नाव. नागपुरात तीस वर्षं शिकवलं, चार पुस्तकं लिहिली, आणि वकील मंडळी त्यांचे परिच्छेद तोंडपाठ म्हणतात. मी त्यांची टायपिस्ट. प्रुफंही मीच बघते. बारावीनंतर कॉलेजची पायरी चढले नाही, पण बावीस वर्षं टाइप करून कायदा माझ्या बोटांत उतरलाय. त्यांचं सगळं लिखाण शेवटी एकाच मुद्द्यावर येतं. भावना कुणाच्याच मालकीची नसते; ती व्यक्त करायची रीत जो पहिल्यांदा कागदावर उतरवतो, त्याची.

"उदाहरणं जिवंत हवीत, शशी," त्या म्हणायच्या. "नाहीतर पोरं वर्गात झोपतात." आणि चहा पिता पिता माझ्याकडे बघत बसायच्या.

उदाहरण एक्केचाळीस, पान दोनशे बारा. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक आई मुलीला दोनदा हाक मारते. ठकूऽ, ठकूऽ. पहिली वरच्या सुरात, दुसरी खालच्या, असं मॅडमनी लिहिलं होतं. ते उलटं होतं. चूक दिसली की माझ्याने राहवत नाही. मी समासात दुरुस्ती केली, खाली 'छापण्यास हरकत नाही' लिहिलं आणि सही केली.

सोमवारी साडेसहाला मी गॅलरीत गेले. आमची आणि मॅडमची इमारत समोरासमोर, मधे मैदान. एकेका घरातून हाका येत होत्या, पोरं घरी पळत होती. मी तोंड उघडलं.

"पान दोनशे बारा," असं बाहेर आलं. खणखणीत.

शेजारच्या गॅलरीतून शेंडे वहिनींनी वाळत घातलेल्या चादरीमागून डोकं काढलं. "काय विकताय हो?"

"काही नाही. ठकूला बोलावतेय."

"मग बोलवा ना नीट."

मी परत प्रयत्न केला. पान दोनशे बारा. मैदानात आता एकटी ठकू उरली होती, खडूच्या चौकोनांत लंगडी घालत. मी खाली गेले.

"चल घरी."

ती थांबली. एक पाय वरच. "आईने हाक मारली की जाईन."

"अगं, मीच आई."

"दिसता तशाच," ती मला समजावत म्हणाली. "पण आईने सांगितलंय. कुणी अगदी तिच्यासारखं दिसलं तरी हाक ऐकल्याशिवाय जायचं नाही."

सांगितलं होतं खरं. गेल्या वर्षी एक अनोळखी माणूस 'आईने बोलावलंय' म्हणत शाळेच्या फाटकापाशी आला होता, तेव्हापासून आमचं हे ठरलेलं. नऊ वर्षांच्या पोरीने किती नीट लक्षात ठेवलं होतं. मी तिच्याकडे एक पाऊल टाकलं, तसा आमच्यामधे खडूचा एक चौकोन वाढला. दुसरं टाकलं, दुसरा वाढला. पाचव्या चौकोनानंतर मी मागे वळले आणि मॅडमकडे गेले.

दार नेहमीसारखं उघडंच होतं. ते मी आत आल्यावर लागलं. मॅडम खुर्चीत बसून माझं हसू हसत होत्या. छान हसू होतं ते. मी विसरलेच होते.

"मॅडम, माझी हाक द्या."

"तुझी कशी? तू कधी लिहून ठेवलीस?"

"रोज मारत होते की."

"हवेत. हवेतलं धरत नाहीत. आणि प्रुफावर सही कुणाची आहे?"

"मग परवानगी द्या. आजच्यापुरती."

"मुदत तूच टाइप केलीयस, शशी. मी गेल्यावर साठ वर्षं." मग त्या मायेने म्हणाल्या, "तिच्यावरचं प्रेम आहे ना तुझ्याकडे? त्याला मी हात लावलाय का?"

नव्हता लावला. ते सगळंच्या सगळं माझ्याकडे होतं आणि मला ते कुठे ठेवावं कळत नव्हतं.

"मॅडम, अंधारून येतंय. ती खाली एकटी आहे."

"अरेच्चा. मग वर बोलवायला हवं."

त्या गॅलरीत गेल्या. घसा साफ केला. पहिली खालच्या सुरात, दुसरी वरच्या. कुठे चूक म्हणून नाही.

मैदानात लंगडीचा पाय खाली टेकला. थोड्या वेळाने या इमारतीच्या जिन्यात चपला वाजायला लागल्या.

"बस," मॅडम म्हणाल्या. "ती येईस्तोवर एक घे. उदाहरण बेचाळीस. मूल बाहेर उभं आहे आणि एक आई दार उघडते."

बावीस वर्षांची सवय. मी बसले, आणि बोटं चालायला लागली. चपला पहिल्या मजल्यावर आल्या. दुसऱ्या.

"कडी कुठल्या हाताने काढतेस गं तू?"

"डाव्या," मी म्हणाले, आणि टाइप केलं.

बेल वाजली.